काटकपणाचं श्रेय

कोकणी माणूस सुटत नाही, हे वाक्य रत्नागिरीत इतक्या सहज बोललं जातं की त्याला पुरावा लागतो असं कुणाला वाटतच नाही. गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याचं पोट बघून ते निघतं, लग्नाच्या पंगतीत निघतं, आणि आरोग्य शिबिराचा नारळ फोडायला आलेले पाहुणेही माइक हातात आला की तेच सांगतात. कारणंही ठरलेली असतात: मासे-भात, नाचणीची भाकरी, सोलकढी, पाखाड्यांची चढउतार आणि समाधानी वृत्ती. मग पाठोपाठ दुसरं वाक्य येतंच. आमच्या आजीला डाएट हा शब्दसुद्धा माहीत नव्हता, तरी नव्वद वर्षं जगली, शेवटपर्यंत काटक होती. हल्लीच्या लोकांना तोंडावर ताबा नाही, म्हणून ही वेळ आली.

मला ही दोन्ही विधानं खोडून काढायची आहेत. पहिलं बारीक माणसाला त्याने न कमावलेलं श्रेय देतं, दुसरं जाड माणसावर त्याने न केलेला गुन्हा लादतं. शिवाय या दोहोंच्या आड एक तिसरंच नुकसान चालू आहे. शिडशिडीत माणूस निरोगीच असणार या खात्रीपोटी त्याच्या रक्तातली साखर कुणी तपासत नाही. हे नुकसान आपल्या जिल्ह्यात होतं आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

सुरुवात घरापासूनच करू. एकाच घरात वाढलेले दोन सख्खे भाऊ, एकाच आईच्या हातचं जेवलेले, एकाच शाळेत त्याच चढणीवरून चालत गेलेले. चाळिशीला एक सडसडीत आणि दुसरा शर्टाची बटणं ताणून बसवणारा. अशी जोडी माहीत नाही असं घर रत्नागिरीत शोधावं लागेल. मासे-भात आणि पाखाडी हेच कारण असतं तर दोघेही सारखेच व्हायला हवे होते. मग लोक स्वभावाकडे वळतात. हा संयमी, तो खादाड. हा निवाडा देण्याआधी निदान एवढं तरी बघायला हवं की वजनाचा प्रश्न ज्यांनी मोजून-मापून तपासला त्यांना काय सापडलं.

डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदी व्यवस्थित ठेवलेल्या आहेत. त्यांतल्या ५४० जणांचा ते मोठे झाल्यावर अभ्यास झाला. आल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८६ साली प्रसिद्ध केला. या मुलांची अंगकाठी जन्म देणाऱ्या आईबापांशी जुळत होती. ज्यांनी वाढवलं, भरवलं, ज्यांच्या ताटाशेजारी त्यांचं ताट होतं, त्यांच्या अंगकाठीशी तिचा संबंध सापडला नाही. पुढे १९९०मध्ये जुळ्यांवरचा अभ्यास आला. लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी भावंडं वजनाच्या बाबतीत जवळजवळ तितकीच एकमेकांसारखी निघाली, जितकी एकत्र वाढलेली. माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकाचा ४० ते ७० टक्के वाटा अनुवंशाचा आहे, असं अशा अभ्यासांवरून आज मानलं जातं.

त्याच वर्षीचा कॅनडातल्या क्लोद बुशार यांचा प्रयोग मला सगळ्यांत बोलका वाटतो. त्यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या घेतल्या आणि त्यांना १०० दिवसांच्या मुदतीत ८४ दिवस रोज गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांवर देखरेख होती, चोरून खाण्याचा किंवा टाकण्याचा प्रश्न नव्हता. शेवटी कुणाचं वजन सव्वाचार किलोंनी वाढलं, तर कुणाचं तेरा किलोंच्या वर. जादा खाणं तेच, दिवस तेवढेच, आणि फरक तिपटीचा! पण जोडीतल्या एका भावाचं जितकं वाढलं, साधारण तितकंच दुसऱ्याचं वाढलं. इथे संयम कुणाचा मोजायचा? सगळ्यांनी सांगितलं तेवढं खाल्लं होतं.

केंब्रिजच्या सदाफ फारूकी यांच्या गटाने प्रश्न उलट बाजूने विचारला. जाड का होतात हे सगळे शोधतात, मग आयुष्यभर बारीक राहणारे तसे का राहतात? १,६०० हून अधिक निरोगी बारीक माणसं त्यांनी गोळा केली आणि २०१९ साली निष्कर्ष मांडले. वजन वाढवणाऱ्या जनुकीय खुणा या लोकांमध्ये कमी होत्या. दर चारांपैकी जवळजवळ तिघांच्या घरात बारीक आणि धडधाकट माणसांची परंपरा होती. एकेका खुणेचा परिणाम तसा किरकोळ असतो. वजनाशी ज्याचा संबंध २००७ साली सापडला त्या एफटीओ नावाच्या प्रसिद्ध जनुकातसुद्धा दोन्ही प्रती ‘जड’ निघाल्या तर सरासरी तीनेक किलोंचा फरक पडतो. पण अशा शेकडो खुणा एकत्र येतात तेव्हा एक माणूस जन्मतःच उतारावर उभा असतो आणि दुसरा चढावर.

इथवर सांगितलं की समोरून हमखास उत्तर येतं, आणि ते आपल्याच बोलीत येतं: ‘अहो, पण तो कायपण खाल्लान तरी अंगाला लागत नाय!’ या ‘कायपण’कडे जरा जवळून बघायला हवं.

गणपतीत जेवणाच्या पानावर अकरा मोदक संपवणारा एक शिडशिडीत माणूस प्रत्येक वाडीत असतो. अकरा मोदकांची गोष्ट पुढचं वर्षभर सांगितली जाते. पण त्याच संध्याकाळी काय होतं ते मी पाहिलेलं आहे. भजनाच्या मंडळींसाठी उसळ आणि पाव आला. या गृहस्थांनी ताटली हातात घेतली, दोन घास खाऊन ओसरीच्या कठड्यावर ठेवून दिली आणि विसरून गेले. विसरले, हे महत्त्वाचं. त्यांनी मनाला आवर घातला नव्हता. सकाळी वाढलेल्या भाकरीतली अर्धी त्यांनी तशीच परत केली. ‘नको वाटतंय,’ एवढंच म्हणाले. बाकीचे भिंतीला टेकून बसले होते, तेव्हा हे टाळ घेऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत तासभर उभे होते. याच घरातल्या एका जाड वयनींनी त्या दुपारी दोनच मोदक घेतले. दुसरा घेताना समोरच्या तिघींनी एकमेकींकडे बघितलं. त्यांचे दोन मोजले गेले आणि याचे अकरा साजरे झाले. उसळीची ती अर्धवट ताटली मात्र कुणाच्याच हिशेबात आली नाही.

भूक ही इच्छेने चालणारी गोष्ट असल्यासारखं आपण बोलतो. छपरावरच्या टाकीत पाणी ठरावीक पातळीला आलं की फ्लोट आपोआप वर येऊन नळ बंद करतो, तसाच बंदोबस्त मेंदूच्या तळाशी प्रत्येकाकडे आहे. फक्त कुणाचा फ्लोट लवकर उचलला जातो, कुणाचा उशिरा. चीनमध्ये निरोगी आणि बारीक माणसांच्या खाण्याचं आणि हालचालीचं मोजमाप करून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ही माणसं भरपूर खाऊन भरपूर धावपळ करत असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती सर्वसाधारण वजनाच्या लोकांपेक्षा १२ टक्के कमी खात होती आणि २३ टक्के कमी हालचाल करत होती. स्वस्थ बसलेलं असताना मात्र त्यांचं शरीर, त्यांच्या बांध्याच्या मानाने, अपेक्षेपेक्षा जास्त ऊर्जा जाळत होतं. त्याआधी १९९९ साली अमेरिकेत जेम्स लेव्हाइन यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जादा दिल्या, तेव्हा कुणाची चरबी अर्धा किलोसुद्धा वाढली नाही, तर कुणाची चार किलोंच्या वर गेली. ज्यांची वाढली नाही ते नकळत जास्त हलत होते, उठबस करत होते, चुळबुळत होते. हे दोन अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवत नाहीत, हे मला मान्य आहे. एकात बारीक माणूस कमी हलणारा निघाला, दुसऱ्यात न वाढणारा माणूस जास्त हलणारा. पण यांच्यापैकी कुणीही ठरवून काही करत नव्हता, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. जे न ठरवता होतं त्याचं श्रेय कसलं घ्यायचं?

आणि ज्यांना अजूनही हा चारित्र्याचा प्रश्न वाटतो, त्यांनी फारूकी यांच्याच एका पेशंटची हकीकत वाचावी. नऊ वर्षांची मुलगी, वजन ९४ किलो. तिच्या शरीरात लेप्टिन हे संप्रेरक तयारच होत नव्हतं. चरबीचा साठा किती आहे हे मेंदूला कळवणारं हे संप्रेरक १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं होतं. ती मुलगी सतत खायला मागायची, आणि लोक आईबापांना बोल लावायचे. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि तिची भूक भावंडांसारखी झाली. वर्षभरात सोळा किलो उतरले. ही दुर्मीळ व्याधी आहे, प्रत्येक जाड माणसाला ती नसते, हे खरंच. पण २०२५मध्ये भारतात आलेली माऊंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं ज्यांना साधा लठ्ठपणा आहे अशांना दिली जातात, आणि ती घेणारे अनेकजण एकच गोष्ट सांगतात: डोक्यात दिवसभर चालणारा खाण्याचा विचार थांबला. जी गोष्ट आठवड्याच्या एका इंजेक्शनने शांत होते, ती इतकी वर्षं संस्काराची उणीव म्हणून हिणवली गेली. शाळेतल्या मुलीला ‘म्हशी’ म्हणून हाक मारणाऱ्यांनी आणि ते हसण्यावारी नेणाऱ्या मोठ्यांनी याचा जरा विचार करावा.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर ही दोन नावं टाळता येत नाहीत. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर बेतलेली दीक्षितांची पद्धत सांगते की दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका आणि ४५ मिनिटं चाला. दिवेकर सांगतात की थोड्या-थोड्या वेळाने खा, घरचं खा, आपल्या भागात पिकतं ते खा. दोघांचेही अनुयायी बारीक झाल्याच्या हकिकती सांगतात आणि त्या खोट्या मानायचं मला कारण दिसत नाही. दीक्षितांनी आपली पद्धत गावोगावी फुकटात सांगितली, दिवेकरांनी भाताची आणि तुपाची भीती घालवली; दोन्ही कामं मोलाची आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्याला आयुष्यभर काही करावंच लागलं नाही, तो या दोघांपैकी कुणाचंच ऐकत नाही. तो कधी दोनदा जेवतो, कधी पाचदा, आणि शिडशिडीतच राहतो. त्यामुळे वजन उतरवण्याची एखादी रीत काहींना लागू पडली, यावरून बारीक माणसं त्या रीतीमुळे बारीक असतात असं सिद्ध होत नाही. इथेच आपला गोंधळ होतो. औषधाने ताप उतरला म्हणून ज्याला ताप नाही तो ते औषध घेतो असं कुणी म्हणत नाही.

आता आजीकडे येतो, कारण या वादातला सगळ्यांत दुखरा भाग तिचाच आहे.

ती काटक होती, हे खरंच आहे. का होती, हे आपण सोयीने विसरतो. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातला पुरुष गिरणीत, गोदीत नाहीतर कुणाच्या घरी रामा गडी म्हणून मुंबईत होता, आणि गाव मनीऑर्डरीवर आणि बाईच्या पाठीवर चालत होतं. २०११च्या जनगणनेतही या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक बायका होत्या. कवळ तोडायची तिने, भाजावळ तिची, तरवा काढून चिखलात दिवसभर वाकून लावणी तिची. इरल्याखाली पाठ वाकलेली आणि पाय गुडघाभर पाण्यात. घरी येऊन विहिरीचं पाणी, जळणाची मोळी, गुरांचं शेण. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागायचा. नवं भात यायला आश्विन उजाडायचा. मधल्या दिवसांत कुळीथ, आठळ्या, सुकटीचा एखादा चिमटा आणि पेज. त्या पेजेतलीही शितं मुलांच्या आणि म्हाताऱ्या सासऱ्याच्या वाटीत जायची. ती शेवटी बसायची आणि पातेल्यात राहिलेलं पाणी मीठ टाकून प्यायची. हे दृश्य ज्यांच्या घरात होतं त्यांनाच आज ‘साधं राहणं’ म्हणून त्याची आठवण येते, याचं मला वाईट वाटतं. तिच्या अंगावर चरबी धरायला काही शिल्लकच राहत नव्हतं. उपासमारीला आहारशास्त्र म्हणू नये.

शिवाय नव्वदीला पोचलेल्या आजीचीच गोष्ट आपल्याला ऐकू येते, कारण ती सांगायला नातू आहे. स्वातंत्र्याच्या वेळी या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. बाळंतपणात गेलेली, क्षयाने झिजून गेलेली, तितकीच काटक असलेली बाई कुणाच्या आठवणीत आजी म्हणून येतच नाही.

या काटकपणाची किंमत पुढच्या पिढीने मोजली, आणि हे महाराष्ट्रातच मोजून दाखवलं गेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांच्या गरोदरपणापासून एक अभ्यास सुरू केला. पोटात बाळ असताना ज्या बायका शेतात आणि पाण्यासाठी जास्त राबत होत्या त्यांची बाळं लहान भरत होती. सरासरी जन्मवजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण मापं घेतल्यावर वेगळीच गोष्ट दिसली. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बारीक होते, पाठीवरची कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार, असं हे बाळ जन्माला येत होतं. अभाव भोगलेल्या आईच्या पोटात शरीराने स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी राखून ठेवली.

या मुलांचा माग त्या गटाने सोडला नाही. ती १८ वर्षांची झाली तेव्हा ६१९ जणांची तपासणी झाली. त्यांतले ४८ टक्के वजनाच्या निकषावर कमी भरत होते, म्हणजे आपल्या भाषेत शिडशिडीत. तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची रक्तातली साखर सामान्य मर्यादेबाहेर होती. अठरा वर्षांची, खेड्यातली, निम्मी बारीक पोरं. ‘काटक’ या शब्दावर विसंबून यांना शिबिरातून परत पाठवलं असतं तर काय झालं असतं?

याज्ञिकांचं आणखी एक छोटं टिपण २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्यात त्यांचा आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी आहे. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही ‘योग्य’. चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या डोळ्यांना आणि काट्याला जे दिसतं ते किती अपुरं आहे, हे या एका फोटोइतकं दुसऱ्या कशाने मला पटवलेलं नाही.

रत्नागिरीचा संबंध इथे सरळ येतो. चिपळूणजवळच्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातल्या १६ ते १८ वयाच्या मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे, तो याच काळजीपोटी. बारीक असणं इथे सर्रास आहे, आणि त्याला निरोगीपणा समजून चालणार नाही, हे तिथल्या डॉक्टरांना रोजच्या ओपीडीत दिसतं. एप्रिल २०२५मध्ये बँकॉकला झालेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. हा आजार नवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली तो वेगळा मानला होता आणि १९९९ साली यादीतून काढून टाकला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने न्यूयॉर्कच्या संशोधकांबरोबर केलेल्या कामामुळे तो परत आला. त्याबद्दलचा वैद्यकीय वाद संपलेला नाही, पण मुद्दा उघड आहे: लहानपणी पोटभर न मिळालेला, बारीक, तरुण माणूस मधुमेही असू शकतो, आणि त्याला जाड माणसाच्या मधुमेहाचे उपचार जसेच्या तसे लागू पडतीलच असं नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो भक्कम आहे. जनुकं चाळीस वर्षांत बदलत नाहीत. मग चाळीस वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या रामआळीत न दिसणारी पोटं आज कशी दिसतात? सगळं जन्मजात असेल तर हे घडायलाच नको होतं.

सगळं जन्मजात आहे असं मी म्हणतच नाही. परिस्थिती बदलली, हे खरंच आहे, आणि ती कुणाच्या संयमाला विचारून बदलली नाही. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, पाठोपाठ रस्ते आले, घराघरात दुचाकी आली आणि पाखाडीवर शेवाळ धरलं. भातखाचरं पडीक पडली. वाडीच्या तोंडावरच्या टपरीत दहा-दहा रुपयांची वेफर्सची पाकिटं तोरणासारखी लटकू लागली. खारी, टोस्ट आणि क्रीमची बिस्किटं चहाच्या डब्यात कायमची आली. यातली कुठलीही गोष्ट वाईट हेतूने आली नाही, आणि बाईच्या डोक्यावरची मोळी उतरून गॅस आला याचा तर मला मनापासून आनंद आहे. पण अशा खाण्याने काय होतं ते केव्हिन हॉल यांनी २०१९मध्ये अमेरिकेत दाखवलं. २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं खाणं दिलं. समोर मांडलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा सगळं सारखं, आणि पोट भरेपर्यंत खायची मोकळीक. तयार खाण्याच्या दिवसांत त्याच माणसांनी रोज ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचं वजन जवळजवळ एक किलोने वाढलं. माणसं तीच होती, त्यांचा संयमही तोच होता.

म्हणून या आक्षेपाला माझं उत्तर असं: बदललेल्या परिस्थितीने सगळ्यांना ढकललं, पण सगळे सारखे सरकले नाहीत. ज्याला जन्मतःच आवर मिळालेला आहे तो या टपरीसमोरून रोज जातो आणि त्याला काही होत नाही. ज्याला तो मिळालेला नाही तो पहिल्या पाच वर्षांत सुटतो. आधीच्या अभावाच्या काळात हा फरक दिसतच नव्हता, कारण कणगी दोघांचीही रिकामी होती. आज तो दिसतो, आणि त्याला आपण सद्गुण आणि दुर्गुण अशी नावं देऊन मोकळे होतो.

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर पहाटे जाऊन बघा. बोटी लागतात, लिलाव सुरू होतो, आणि बर्फ, बांगडे, म्हाकूळ यांच्या पाट्या उचलणाऱ्या बायका कमरेला पदर खोचून उभ्या असतात. झोपेतून उठून तीन-चार तास झालेले असतात, अजून चहासुद्धा झालेला नसतो, पुढे बाजारात दुपारपर्यंत बसायचं असतं. यांच्यात शिडशिडीत आहेत तशा चांगल्या थोराड, जाड बायकाही आहेत, आणि दोघी एकच पाटी दोन बाजूंनी धरून उचलतात. जाड म्हणजे आळशी, असं म्हणणाऱ्याने त्यांच्यातल्या कुणा एकीच्या तोंडावर ते म्हणून दाखवावं.

मग जाड माणसाने काहीच करू नये का, असं विचारलं जाईल. करावं. चालावं, टपरीतलं पाकीट घरात आणू नये, दीक्षितांचं किंवा दिवेकरांचं जे मानवेल ते करावं, गरज असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावं. वजन फार उतरलं नाही तरी चालण्याने साखर आणि रक्तदाब सुधारतात. त्यासाठी आरसा खूश व्हायची गरज नाही. फक्त त्याला हे करायला जितके कष्ट पडतात तितके शेजारच्या बारीक माणसाला कधीच पडलेले नाहीत, हे शेजाऱ्याने लक्षात ठेवून तोंड बंद ठेवावं.

आणि त्या शेजाऱ्यानेही काही करायचं आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची असंसर्गजन्य आजारांची तपासणी सरकारी कार्यक्रमात ठरलेली आहे. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात त्यात वय, घरातला मधुमेह, हालचाल आणि कंबरेचं माप विचारलेलं आहे. त्यात शरीराचं वजन विचारलेलं नाही, कंबर विचारलेली आहे, आणि ते शहाणपणाचं आहे: भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली की धोका वाढतो, हातपाय कितीही काड्यांसारखे असोत. प्रत्यक्षात होतं असं की आशाताई टेप काढतात आणि ओटीवरचा काटकुळा काका म्हणतो, ‘माझी काय मोजतंस गो बाय, त्या दुकानवाल्याची मोज.’ त्या हसून पुढच्या घरी जातात. तसं जाऊ नये. टेप काकांच्या कंबरेला लावावी, घरात कुणाला साखर होती का ते विचारावं, बोटाला सुई टोचून साखर बघावी, आणि वाढलेली निघाली तर त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावं. आपल्या शिबिरांतल्या भाषणबाज पाहुण्यांनीही कोकणी माणसाच्या काटकपणाची स्तुती थांबवावी आणि रांगेत पहिले उभे राहून आपली कंबर मोजून घ्यावी.